उंबरठ्यावरचा पाहुणा

परमुलखीं जावयाचें झालें म्हणजे तेथील डोंगर किती उंच, समुद्र किती निळा, याची चौकशी आपण प्रथम करतों. परंतु आज ज्या बेटाची ओळख करून द्यावयाची आहे, तेथें जाणाऱ्याला आधीं एक निराळीच गोष्ट शिकावी लागते. ती म्हणजे यजमानाच्या दारीं कसें उभें राहावें ही.

हें बेट म्हणजे न्यू कॅलेडोनिया. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेस, पॅसिफिक महासागरांत, तें सुमारें ४०० किलोमीटर लांब पसरलेलें आहे. सभोंवार प्रवाळाचा तट, आणि तटाच्या आंत पाचूच्या रंगाचें संथ पाणी. राजधानी नुमेआ पाहिली तर फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील एखादें शहर उचलून येथें आणून ठेवलें आहे कीं काय, असा भास होतो. पण शहराबाहेर पडलें कीं कनाक लोकांच्या वस्त्या लागतात. हे येथील मूळचे रहिवासी. त्यांच्या भाषा २८, आणि त्यांचें वर्ष चालतें तें कोनफळाच्या लागवडीच्या क्रमानें.

त्यांच्या वस्तींत जाणाऱ्या पाहुण्यानें आधीं थांबावें, अशी रीत आहे. कापडाचा एखादा तुकडा, थोडे पैसे, असें कांहीं यजमानापुढें ठेवावें. आपण कोण, कोठून व कां आलों, हें नम्रपणें सांगावें. यजमान ती भेट स्वीकारून चार शब्द बोलला, कीं मग वाट मोकळी. भेटीचें मोल अल्प असतें. महत्त्व आहे तें थांबण्याला. आणि या बेटाचा गेल्या पावणेदोनशें वर्षांचा इतिहास, मला वाटतें, न थांबलेल्या पाहुण्याचा इतिहास आहे.

१७७४ सालीं कॅप्टन कुक येथें आला आणि स्कॉटलंडचें प्राचीन नांव या भूमीला देऊन निघून गेला. १८५३ मध्यें तिसऱ्या नेपोलियनच्या राजवटींत फ्रान्सनें बेटावर आपलें निशाण लावलें. १८६४ पासून, आपल्याकडील अंदमानाप्रमाणेंच, हें काळेपाण्याचें ठिकाण झालें. तेहतीस वर्षांत वीस हजारांहून अधिक कैदी येथें उतरविण्यांत आले. १८७१ च्या पॅरिसमधील उठावांत पकडलेले हजारों लोक, तसेच त्याच वर्षीं अल्जीरियांत बंड करणारे लोकही, येथेंच हद्दपार झाले.

या सर्वांना जमीन हवी होती. आणि जमीन होती कनाकांची. वसाहतवाल्यांचीं गुरें मोकाट सुटत आणि कोनफळाचे व अळवाचे मळे तुडवीत. ला फोआ भागाचा प्रमुख अताई याला कोणी म्हणालें, ‘तुम्ही कुंपणें कां घालीत नाहीं?’ त्यावर त्यानें दिलेलें उत्तर अद्याप सांगतात: माझें अळूं चालत जाऊन तुमचीं गुरें खाऊं लागेल, त्या दिवशीं मी कुंपण घालीन! गव्हर्नरापुढें त्यानें दोन पिशव्या रित्या केल्या, अशीही कथा आहे. एकींत होती माती, जी पूर्वीं आमची होती. दुसरींत दगड, जे तुम्हीं आमच्यासाठीं ठेवले.

१८७८ च्या जून महिन्यांत बंडाचा वणवा पेटला. सुमारें दोनशें युरोपीय मारले गेले. कनाक पडले ते हजाराहून अधिक. खेदाची गोष्ट ही, कीं स्वातंत्र्यासाठीं स्वतः हद्दपारी भोगणाऱ्या पॅरिसच्या लोकांपैकीं अनेकांनीं या वेळीं सरकारचीच बाजू घेतली. लुईझ मिशेल ही शिक्षिका मात्र कनाकांच्या बाजूनें उभी राहिली. तिनें त्यांच्या कथा ऐकून घेतल्या आणि पुढें छापून प्रसिद्धही केल्या. थांबून यजमानाचें बोलणें ऐकणारा पाहुणा असा एखादाच.

१ सप्टेंबर रोजीं अताई पडला. तोही सरकारला मिळालेल्या दुसऱ्या कनाक टोळीच्या हातून. त्याचें शिर कापून पॅरिसला, शास्त्रीय संग्रहांत ठेवण्यासाठीं, पाठविलें गेलें. पुढें कित्येक वर्षें तें कोठें आहे याचा पत्ताच नव्हता. अखेर १३६ वर्षांनीं, २०१४ सालीं, तें त्याच्या वंशजांच्या स्वाधीन झालें.

मधल्या काळांत निकेलच्या खाणींनीं डोंगर पोखरले. १८८७ पासून कनाकांवर लादलेले निराळे कायदे १९४६ सालीं रद्द झाले. १९८८ मध्यें उवेआ बेटावर रक्तपात झाला. त्यानंतर त्यांचे नेते झाँ-मारी चिबाऊ यांनीं प्रतिपक्षाशीं तह केला. पण पुढच्याच वर्षीं तो तह न मानणाऱ्या एका कनाकाच्या गोळीनें त्यांचा बळी घेतला. त्यांच्या नांवाचें संस्कृतिकेंद्र १९९८ पासून नुमेआजवळ उभें आहे. रेंत्सो पियानो या इटालियन शिल्पज्ञानें कनाक झोंपड्यांच्या घाटावर त्याचीं दहा दालनें बांधलीं, पण त्यांचा आकार जाणूनबुजून अपुरा वाटेल असा ठेवला.

हा अपुरेपणा मला फार अर्थपूर्ण वाटतो. २०१८, २०२० आणि २०२१ अशा तीन वेळां स्वातंत्र्याविषयीं कौल घेण्यांत आला. तिन्ही वेळां बहुमत फ्रान्सबरोबर राहण्याच्या बाजूचें ठरलें. परंतु तिसऱ्या कौलावर बहुतेक स्वातंत्र्यवाद्यांनीं बहिष्कार घातला होता. २०१९ च्या शिरगणतींत कनाक सुमारें ४१ टक्के भरले. कैद्यांच्या आणि वसाहतवाल्यांच्या नातवंडांनाही आज दुसरें घर नाहीं. मत कोणाला असावें, या वादावरून मे २०२४ मध्यें नुमेआंत जाळपोळ झाली, माणसें मेलीं.

श्रोतेहो, पाहुणा जेव्हां घरचाच होऊन बसतो, तेव्हां त्याला घालवितां येत नाहीं आणि झालेलें विसरतांही येत नाहीं. मग एकच वाट उरते. उशिरानें कां होईना, उंबरठ्यावर परत यावें, आपण कोण व कां आलों तें खरेंखरें सांगावें, आणि यजमानाच्या शब्दाची वाट पाहावी. अताईचें शिर परत देतांना फ्रान्सनें तेवढें एक पाऊल मागें घेतलें. पुढचें बोलणें अद्याप व्हावयाचें आहे.