नुसतं आयुष्य आणि धड आयुष्य

"वर्षं वाढली रे, पण गुडघे गेले," आई दर रविवारी पुण्याहून फोनवर म्हणते. हा फरक विज्ञानाच्या मापात यायला बराच काळ लागला.

१९३५ साली कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके यांनी उंदरांचा आहार कमी करून त्यांचं आयुष्य लांबवलं. मुख्य मोजमाप एकच: किती दिवस जगले. पुढे अमेरिकेतच माकडांवर असे दोन प्रयोग झाले. २००९ साली विस्कॉन्सिनच्या गटाने सांगितलं, कमी जेवणारी माकडं म्हातारपणाच्या आजारांनी कमी दगावली. २०१२ साली राष्ट्रीय वार्धक्य संस्थेच्या गटाला आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. २०१७ साली दोघांनी मिळून आकडे तपासले, तेव्हा प्रकृतीला फायदा मात्र दिसला.

पण प्रकृती मोजायची कशी? २०१४ साली छोट्या उंदरांसाठी ३१ लक्षणांची यादी प्रसिद्ध झाली. पाठीचा बाक, मोतीबिंदू, चाल, पकड अशा बहुतेक लक्षणांना शून्य, अर्धा किंवा एक गुण. बेरीज भागिले ३१. आकडा जितका मोठा, तितकं शरीर खचलेलं.

आम्ही सॉफ्टवेअरवालेही संगणक नुसता चालू आहे यावर समाधान मानत नाही, उत्तर देतो का ते बघतो. आईला मात्र मी आजवर "बरी आहेस ना?" एवढंच विचारत आलो. येत्या रविवारी विचारीन, "जिना चढतेस का?"