कोलकात्यातील निर्वासित वसाहती

फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांनी कोलकात्याच्या उपनगरांतील मोकळ्या जमिनींवर स्वतः उभारलेल्या वस्त्यांना बंगालीत ‘जबरदखल कॉलनी’ म्हणतात. जादवपूर येथे महायुद्धकाळातील रिकाम्या लष्करी छावणीत 1948 मध्ये वसलेली विजयगड ही त्यांतील आरंभीची वसाहत होय. पुढे आझादगड, नेताजीनगर आदी वसाहती झाल्या.

वसाहतींचा कारभार रहिवाशांच्या समित्या पाहत. भूखंडांची वाटणी, वर्गणी, रस्ते, पाणी, शाळा, बाजार आणि रात्रीची गस्त ही कामे त्यांच्याकडे असत. झोपड्या पाडण्यास जमीनमालकांची माणसे अथवा पोलीस आले, की शंख फुंकून वस्तीला सावध केले जाई. प्रतिकारात स्त्रिया आघाडीवर असत.

1950 मध्ये संयुक्त केंद्रीय वास्तुहारा परिषद स्थापन झाली. पुढील वर्षी राज्य सरकारने अनधिकृत ताबा हटविण्यासाठी विधेयक आणले, तेव्हा वसाहतींनी मोठे आंदोलन केले. परिणामी, पर्यायी व्यवस्थेविना निर्वासितांना हटवू नये, ही तरतूद कायद्यात आली. 1950 अखेरपर्यंतच्या 149 वसाहती कालांतराने नियमित करण्याचे धोरण स्वीकारले गेले.

सरकारी शिबिरांतील निर्वासितांना मात्र असे संरक्षण लाभले नाही. त्यांत नमशूद्र शेतकरी मोठ्या संख्येने होते. आंदोलने करूनही त्यांच्यापैकी अनेकांना 1958 मध्ये सुरू झालेल्या दंडकारण्य प्रकल्पात पाठविण्यात आले. महाराष्ट्रात आजच्या गडचिरोली जिल्ह्यातही बंगाली निर्वासितांची गावे वसली.