शस्त्रव्यापाराची मानवी किंमत आणि अनुबोधपटाची भाषा

शस्त्रव्यापार हा विषय चित्रपटकलेस मूलतः प्रतिकूल आहे. चित्रपट दृश्य वस्तूंवर जगतो. या व्यापारात जे महत्त्वाचे, ते सहसा दृष्टीस पडत नाही. करार कागदावर होतो, माल बंद पेट्यांतून जातो आणि जखम होते ती हजारो मैलांवर, पुष्कळदा अनेक वर्षांनंतर. कारखान्यातील कामगार, सौदा जुळविणारा दलाल, गोळा डागणारा सैनिक आणि त्या गोळ्याने घर गमावलेली स्त्री ही चार माणसे आयुष्यात कधी एकत्र येत नाहीत. त्यांना एका पडद्यावर आणणे चित्रपटाने कोणत्या तंत्रांनी साधले, आणि या प्रयत्नात महाराष्ट्राचा वाटा कोणता, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील मोहर्ली हे ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्पाचे प्रसिद्ध प्रवेशद्वार होय. तेथे येणाऱ्या बहुतेक प्रत्येक पाहुण्याच्या हाती कॅमेरा असतो, आणि वनात बसविलेले स्वयंचलित कॅमेरे पट्ट्यांच्या ठेवणीवरून एकेक वाघ ओळखून त्याची नोंद ठेवतात. याच वनप्रदेशाच्या पश्चिमेस, भद्रावती येथे, 'ऑर्डनन्स फॅक्टरी चांदा' हा दारूगोळ्याचा कारखाना आहे. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. संरक्षण-उत्पादनाचा जो विस्तार त्या दशकात झाला, त्यातीलच भद्रावती व भंडारा येथील कारखाने होत. १९२३ च्या शासकीय गुपिते अधिनियमान्वये अशी स्थळे 'निषिद्ध' मानली जातात. तेथे कॅमेऱ्यास प्रवेश नाही. या बंदीस देशरक्षणाचे सबळ कारण आहे, हे मान्यच केले पाहिजे. तथापि तिचा एक परिणाम असा, की गोळ्याच्या प्रवासाचा प्रारंभ आपल्या शेजारी होऊनही तो आपणांस अदृश्य राहतो.

भाषेच्या अभ्यासकास येथे एक गोष्ट चटकन जाणवते. पाणिनीने सांगितलेल्या सहा कारकांत शस्त्राचे स्थान करणाचे, म्हणजे साधनाचे. कर्ता आणि कर्म यांच्यावाचून करणास अर्थ नाही. व्यापाराची भाषा मात्र नेमकी हीच दोन कारके गाळते. 'पुरवठा करण्यात आला', 'मारा करण्यात आला', 'हानी झाली' या वाक्यांत कोणी केले आणि कोणाचे झाले, दोन्ही लुप्त आहेत. शस्त्रनिर्यातीसाठी 'अंतिम वापरकर्ता' प्रमाणपत्र लागते. त्या कागदावर शस्त्र घेणाऱ्या सरकारचे नाव असते. ते शस्त्र अखेर ज्याच्या देहावर पडते, त्याचे नाव असण्याचे कारणच नसते. चित्रपटाच्या तंत्रांचे मूल्यमापन याच कसोटीवर करणे इष्ट होईल: गाळलेला कर्ता आणि गाळलेले कर्म त्यांनी वाक्यात परत आणले काय?

आपल्याकडील आरंभ दुसऱ्या महायुद्धातला. १९४० मध्ये ब्रिटिश सरकारने 'फिल्म ॲडव्हायझरी बोर्ड' स्थापन केले आणि १९४३ मध्ये 'इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया' ही संस्था काढली. सरकारी युद्धपट दाखविणे चित्रगृहांना सक्तीचे झाले. कारखाने, तोफा, संचलने यांच्या या चित्रणात शस्त्र दिसते, परंतु त्याचा परिणाम दिसत नाही. याच्या उलट बाजूस व्ही. शांताराम यांचा १९४६ चा 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' उभा आहे. १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाठविलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी चीनमध्येच निवर्तले. कोटणिसांची भूमिका स्वतः शांतारामांनी केली. येथे जखम दिसते, जखमीची शुश्रूषा दिसते. परंतु जखम करणारी वस्तू कोठून आली, हा त्या चित्रपटाचा प्रश्न नव्हे. सरकारी पटांत करण होते, कर्म नव्हते. कोटणिसांच्या कथेत कर्म आले, परंतु पुरवठा करणारा कर्ता वाक्याबाहेरच राहिला.

ही दोन टोके जोडण्याचा पहिला कठोर प्रयत्न म्हणून जर्मन दिग्दर्शक हारून फारोकी यांच्या १९६९ मधील लघुपटाचा उल्लेख करावा लागेल. त्याच्या नावाचा अर्थ 'न विझविता येणारी आग' असा आहे. विषय आहे व्हिएतनाममध्ये वापरलेले नेपाम आणि ते बनविणारी अमेरिकेतील डाऊ केमिकल कंपनी. भाजलेल्या देहांची चित्रे दाखविली तर प्रेक्षक डोळे मिटून घेईल, ही अडचण फारोकींनी प्रारंभीच मांडली. म्हणून त्यांनी जळती सिगारेट आपल्याच हातावर टेकविली आणि सांगितले, की हिची उष्णता सुमारे ४०० अंश, तर नेपामची सुमारे ३,००० अंश. दृश्याऐवजी त्यांनी माप दिले आणि पुढील अनुमान प्रेक्षकावर सोपविले. उत्तरार्धात त्यांनी कारखान्यातील श्रमविभाग उलगडला: प्रत्येकाच्या हाती एकच तुकडा असल्याने आपण संपूर्ण वस्तू काय बनवितो, हे कोणासच पुरते उमगत नाही. गाळलेला कर्ता येथे वाक्यात परत येतो. परंतु तो एक दुष्ट मनुष्य नसून अनेक सामान्य माणसांत विखुरलेला आहे.

भारतात शस्त्रव्यवहार सार्वजनिक चर्चेत आला तो बोफोर्स प्रकरणाने. मार्च १९८६ मध्ये ४१० तोफांचा करार झाला आणि एप्रिल १९८७ मध्ये स्वीडनच्या नभोवाणीने लाचेची बातमी दिली. त्यानंतरच्या मराठी वृत्तपत्रीय भाषेतील 'दलाली', 'सौदा', 'घोटाळा' हे शब्द पाहावेत. सारे बाजारपेठेतले आहेत. किंमत मोजली गेली ती ६४ कोटी रुपयांत. सार्वजनिक पैशाचा हिशेब मागणे योग्यच होते. मात्र 'किंमत' या शब्दाचा दुसरा अर्थ त्या कोलाहलात कोणास आठवला नाही.

तो अर्थ पुढे आणला मुंबईच्या आनंद पटवर्धन यांनी, २००२ च्या 'जंग और अमन' या अनुबोधपटात. मे १९९८ मधील पोखरण येथील अणुचाचण्या हा त्याचा आरंभबिंदू. व्याप्ती मात्र भारत, पाकिस्तान, जपान आणि अमेरिका अशी चार देशांची. गांधीजींच्या हत्येच्या काळातील जुन्या कृष्णधवल चित्रफिती आरंभी योजून दिग्दर्शक स्वतःच्या आवाजात निवेदन करतो. म्हणजे बोलणारा कोण, हे तो प्रेक्षकापासून लपवीत नाही. पुढे जल्लोषाच्या दृश्यांना तो पोखरणलगतच्या खेतोलाई गावातील लोकांचे बोलणे, जादूगोडा येथील युरेनियमच्या खाणींभोवती राहणाऱ्या कुटुंबांची स्थिती आणि हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांच्या साक्षी जोडतो. तहलका प्रकरणही त्यात येते. मार्च २००१ मध्ये उघड झालेल्या या प्रकरणात पत्रकारांनी हाती धरावयाचे उष्णतादर्शक कॅमेरे विकणारी बनावट कंपनी उभी केली आणि लपविलेल्या कॅमेऱ्याने पैशांची देवघेव टिपली. त्या अस्थिर, अंधुक चित्रांस सौंदर्य नाही. परंतु 'व्यवहार झाला' या वाक्यातील कर्त्याचा चेहरा प्रथमच पडद्यावर आला.

पटवर्धनांचे खरे बळ प्रस्तुत लेखकाच्या मते संकलनातील विरोधापेक्षाही कालावधीत आहे. साक्ष देणाऱ्या माणसावर कॅमेरा थांबतो. त्यास वाक्य पूर्ण करू देतो, अडखळू देतो. तुलनेसाठी अँड्र्यू निकोल यांचा २००५ चा 'लॉर्ड ऑफ वॉर' पाहावा. त्याच्या प्रारंभी कॅमेरा एका गोळीबरोबर कारखान्यातून निघतो आणि आफ्रिकेतील एका मुलाच्या कपाळाशी थांबतो. संपूर्ण पुरवठ्याची साखळी काही मिनिटांत दाखविण्याचे हे कौशल्य निर्विवाद आहे. परंतु त्या मुलास नाव नाही, वाणी नाही. किंमत मृत्यूच्या क्षणी चुकती होऊन संपते. वस्तुतः ती तेथे सुरू होते. अपंगत्व, विस्थापन, कमावता मनुष्य गेलेले घर यांचा काळ वर्षांनी मोजावा लागतो, आणि तो दाखविण्यास धक्क्यापेक्षा धीर लागतो.

सत्तेस यातील काय बोचले, हेही उद्बोधक आहे. चित्रपट प्रमाणन मंडळाच्या पातळीवर पटवर्धनांकडे २१ काटछाटींची मागणी झाली. पंतप्रधान व मंत्री यांच्यासह राजकीय नेत्यांची दृश्ये आणि भाषणे वगळावीत, ही त्यांतील एक होती. आक्षेप जखमांवर नव्हे, कर्त्यांच्या दर्शनावर होता. अखेर २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो चित्रपट काटछाटीवाचून प्रदर्शित करण्याचा मार्ग मोकळा केला.

आता पुन्हा आपल्या वनप्रदेशाकडे वळू. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ बरखास्त होऊन त्याची सात महामंडळे झाली. भद्रावती व भंडारा येथील कारखाने 'म्युनिशन्स इंडिया लिमिटेड'कडे गेले. २०२४-२५ मध्ये भारताची संरक्षण-निर्यात २३,६२२ कोटी रुपयांवर पोहोचली. भारतीय बनावटीचे तोफगोळे युरोपीय ग्राहकांकडून युक्रेनकडे वळविले गेल्याचे वृत्त सप्टेंबर २०२४ मध्ये रॉयटर्स संस्थेने दिले. परराष्ट्र मंत्रालयाने ते तर्काधारित व दिशाभूल करणारे ठरविले. वाद कोणत्याही बाजूने मिटो. अंतिम वापरकर्ता कोण, हा प्रश्न विदर्भाच्या दारापर्यंत आला आहे, एवढे खरे.

शिवाय ही किंमत केवळ परदेशी मोजली जाते असे नाही. ३१ मे २०१६ रोजी पुलगावच्या दारूगोळा भांडारात लागलेल्या आगीत जवान, अधिकारी व अग्निशामक कर्मचारी मृत्युमुखी पडले. १७ डिसेंबर २०२३ रोजी नागपूरजवळील बाजारगाव येथे एका खाजगी स्फोटक कारखान्यात नऊ कामगार गेले. त्यांत सहा स्त्रिया होत्या. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्यानजीक जवाहरनगरच्या कारखान्यातील स्फोटात आठ जणांचे प्राण गेले. वृत्तचित्रांत आपण धूर पाहिला, कोसळलेले छत पाहिले, प्रवेशद्वाराबाहेर थांबलेले नातेवाईक काही क्षण पाहिले. नंतर 'दुर्घटना घडली' या कर्ताहीन वाक्यावर विषय मिटला. हेच कारखाने सहस्रावधी कुटुंबांना अन्न देतात, हे विसरून केलेली टीका अप्रामाणिक ठरेल. कामगारास दोषी न ठरविता त्याच्या श्रमाचे संपूर्ण वाक्य मांडणे, हे फारोकींनी दाखविलेले कार्य येथे अद्याप व्हावयाचे आहे.

त्यासाठी निषिद्ध स्थळी कॅमेरा नेण्याची आवश्यकता नाही. निवृत्त कामगार, मृतांचे आप्त आणि कारखान्यासाठी जमीन दिलेले गावकरी यांच्या मुलाखती त्यांच्या घरी ध्वनिमुद्रित करता येतील: झाडीबोलीत, वऱ्हाडीत, गोंडीत, जशा ते सांगतील तशा. कारखान्यातील प्रक्रिया वा माल यांविषयी एकही प्रश्न विचारण्याचे कारण नाही. सांगणाऱ्याची संमती आणि नाव गुप्त ठेवण्याचा त्याचा हक्क मात्र कटाक्षाने पाळावा लागेल. या कारखान्यांची पहिली पिढी आता फार वृद्ध झाली आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हे काम येत्या एक-दोन वर्षांतच हाती घ्यावयास हवे. उद्याच्या अनुबोधपटकारास या विषयावर काही करावयाचे झाल्यास त्याला पहिली सामग्री याच आवाजांतून मिळेल.