कवचाच्या आतला प्राणी : प्रस्तावना

शंख, शिंपला, कवडी आणि गोगलगाय ही नावे मराठी माणसाच्या कानांवर लहानपणापासून पडत असतात. देवघरातला शंख मन्नारच्या आखातासारख्या उथळ समुद्रातून येतो. गंडकीच्या शाळिग्रामात दिसणारे चक्र म्हणजे अमोनाइट या नामशेष समुद्रजीवाचा ठसा. कोकणातल्या ताटात तिसऱ्या आणि कालवे असतात, तर पावसाळ्यात सोयाबीनच्या कोवळ्या रोपांवर तुटून पडणारी शंखी गोगलगाय मराठवाड्यातल्या शेतकऱ्याची झोप उडवते. ही सारी एकाच गोतावळ्यातली मंडळी आहेत. प्राणिशास्त्रात या गोतावळ्याला मृदुकाय संघ किंवा मॉलस्का म्हणतात.

संधिपाद प्राण्यांखालोखाल हाच प्राणिजगतातला सर्वांत मोठा संघ. आज हयात असलेल्या त्याच्या ७० हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत आणि त्याचा इतिहास ५० कोटी वर्षांहून मागे जातो. वाळूच्या कणाएवढ्या गोगलगायीपासून दहा मीटरहून लांब महाकाय स्क्विडपर्यंत त्याचा पसारा आहे. इतक्या विविधतेने नवा वाचक बावरला तर नवल नाही. पण तिच्या मुळाशी एकच सुबोध आराखडा आहे. तो मनात ठसला की पुढची वाट सोपी होते.

या आराखड्यात मांसल पाय आणि पचन, उत्सर्जन, प्रजनन यांची इंद्रिये सामावणारा अंतरांगांचा गोळा असतो. त्यावर त्वचेची घडी पांघरलेली असते. तिला प्रावार म्हणतात. कवच घडवणारा कारागीर हाच. कवच चुन्याचे असले तरी ते प्राण्याबरोबर वाढत जाते, कारण प्रावार त्याच्या कडेला सतत नवी भर घालत असतो. त्याच्या पेशींनी एखाद्या उपऱ्या कणाभोवती थरावर थर चढवले की मोती तयार होतो. बहुतेक मृदुकायांच्या तोंडात बारीक दातांच्या ओळी असलेली, कानशीसारखी खरखरीत पट्टी असते. तिला रॅड्यूला म्हणतात.

वाचकांनी पहिला धडा स्वयंपाकघरातच गिरवावा. तिसऱ्यांची एकशिपी करून झाली की एक रिकामी शिंपली धुऊन उजेडात धरा. आतल्या बाजूस दोन टोकांकडे दोन गुळगुळीत वण दिसतील. तिथे दोन्ही शिंपल्या आवळून धरणारे स्नायू चिकटलेले होते. बिजागरीजवळचा लवचिक बंध शिंपल्या उघडू पाहतो आणि हे स्नायू त्या मिटून ठेवतात. म्हणूनच वाफ लागून स्नायू सैल पडले की तिसरी आपोआप उघडते. दोन वणांना जोडणारी पुसट रेघ प्रावाराच्या कडेची. एका टोकाशी ती कमीअधिक आत वळते, कारण प्राणी आपल्या नळ्या तिथे आखडून घेतो. या नळ्यांनी पाणी आत-बाहेर करत तिसरी वाळूत पुरलेल्या अवस्थेत जगते. जिवाची राहणी अशी त्याच्या कवचावर लिहिलेली असते.

आता हाच आराखडा कसा बदलत गेला ते पाहा. शिंपल्यांनी डोके आणि रॅड्यूला दोन्ही सोडून दिली आणि कल्ल्यांनी पाणी गाळून अन्न मिळवले. गोगलगायींच्या अळीअवस्थेत अंतरांगांचा गोळा सुमारे १८० अंशांत फिरतो आणि गुदद्वार डोक्याच्या वर येते. आपल्या तळ्यांतली पायला ही गोगलगाय पाण्यात कल्ल्याने आणि हवेत फुप्फुसाने श्वास घेते. तळे आटले की झाकण मिटून ती चिखलात पडून राहते. बैनी प्रशाद यांनी १९२५ साली तिच्या शरीररचनेचे तपशीलवार वर्णन प्रसिद्ध केले, ही भारतीय प्राणिशास्त्राच्या अभिमानाची गोष्ट आहे. माकुलात तर पायाचेच हात झाले आणि कवच शरीरात गेले. किनाऱ्यावर सापडणारा पांढरा, हलका समुद्रफेन म्हणजे तेच कवच. त्यातल्या बारीक कप्प्यांमधले वायू आणि द्रव यांचे प्रमाण बदलून माकूल पाण्यात तरंगण्याचा तोल सांभाळते. ऑक्टोपसने बाह्य कवच पार टाकले. त्याच्या वाट्याला तीन हृदये, तांब्यामुळे निळे दिसणारे रक्त आणि तल्लख मेंदू आला.

वाचकांना एवढेच सुचवावेसे वाटते की जातींची नावे पाठ करण्याची घाई करू नये. आधी एखादा जिवंत प्राणी निवांत पाहावा. त्याचा पाय कुठे, प्रावार कुठे, तो श्वास कसा घेतो, खातो काय, हे स्वतःला विचारावे आणि मग पुस्तक उघडावे. संग्रहासाठी रिकामी कवचेच उचलावीत. काही जातींना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, याचेही भान ठेवावे. ओहोटीला खाडीत उतरून तिसऱ्या, खुबे, कालवे काढणाऱ्या बायांना कोणता जीव कुठल्या चिखलात आणि कुठल्या महिन्यात मिळतो हे नेमके ठाऊक असते. त्यांच्याकडचे ज्ञान पुस्तकी ज्ञानाइतक्याच आदराने ऐकावे आणि लिहून ठेवावे. आपल्या खाडीची, तळ्याची, शेताच्या बांधाची अशी टिपणे तुमच्या हातून झाली, तर मराठीतला हा अभ्यास पुढे जाईल. त्या कामात तुमचे मनापासून स्वागत आहे.