पैनगंगेच्या पाण्याखालची शिवारे

१/ यवतमाळ जिल्ह्याच्या पुसद तालुक्यात, हिंगोलीच्या सीमेवर इसापूरचा जलाशय पसरला आहे. हिवाळ्यात येथे बदके आणि पाणथळीतील पक्षी उतरतात. हे पाणी मूळचेच असावे असे वाटते. परंतु त्याच्या तळाशी एकेकाळी पेरणी होत असे.

२/ कथेचा आरंभ एका सीमेपासून होतो. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिले. पैनगंगेच्या उत्तरेस वऱ्हाड, दक्षिणेस हैदराबाद संस्थान. नदी एक, सरकारे दोन.

३/ १९४८ मध्ये हैदराबाद भारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ आणि मराठवाडा एकाच मुंबई राज्यात आले. दोन्ही काठांवर एकच शासन आल्याने या काठांना जोडणाऱ्या धरणाची वाट सुकर झाली. ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाचे हे मातीचे धरण १९८२ मध्ये पूर्ण झाले.

४/ धरणाचा हिशेब विषम असतो. कालव्याचे पाणी खालच्या शेतांना मिळते. बुडतात ती वरची, बहुधा नदीकाठची गाळाची सुपीक शेते. १८९४ चा भूसंपादन कायदा मोबदला देई, तोही मुख्यतः रोख रकमेत. महाराष्ट्राने १९७६ मध्ये पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा केला. लाभक्षेत्रातील मोठ्या खातेदारांची काही जमीन घेऊन ती विस्थापितांना द्यावी, हे त्याचे सूत्र होते.

५/ मग पक्षी का आले? उन्हाळ्याकडे जलाशय आटत जातो आणि काठाशी उथळ पाणी व ओला चिखल उरतो. तेथे कीटक, शिंपले, पाणवनस्पती असतात. पाणपक्ष्यांना हेच हवे असते. महाराष्ट्रातील अनेक जलाशयांत याच उघड्या पडलेल्या पट्ट्यात शेतकरी गाळपेर करतात. एकाच चिखलावर दोघांची उपजीविका अवलंबून असते.

६/ २०१४ मध्ये इसापूर परिसरातील सुमारे ३७.८ चौरस किलोमीटर क्षेत्र अभयारण्य म्हणून अधिसूचित झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यातील जमिनीवरचे लोकांचे हक्क तपासून निश्चित करावे लागतात. चराईसारख्या वहिवाटीही नियमांच्या चौकटीत येतात.

७/ दीडशे वर्षांत हा काठ प्रथम राज्याची सीमा होता, नंतर बुडीत क्षेत्र झाला, आता संरक्षित अधिवास आहे. पक्ष्यांना मिळालेले संरक्षण मोलाचेच आहे. मात्र त्याची पहिली किंमत शेतकऱ्यांनी मोजली होती. म्हणून पक्ष्यांच्या यादीशेजारी बुडालेल्या शिवारांची यादीही जपली पाहिजे.