आजोबांचं जुनं शिकारी धनुष्य: चालवायचं, विकायचं की भिंतीवर टांगायचं?

अमेरिकेत १९५० ते १९७० च्या दशकांत धनुष्याने शिकार करण्याचा छंद चांगलाच रुजला होता. त्या काळातली धनुष्यं आजही तिथल्या गॅरेजमध्ये, माळ्यावर, जुन्या वस्तूंच्या विक्रीत आणि ईबेवर सापडतात. असं धनुष्य हाती आलं की दोन प्रश्न पडतात. ते अजून चालतं का? आणि त्याचे किती पैसे येतील?

दोन्ही प्रश्नांची उत्तरं बऱ्याच अंशी एकाच तपासणीतून मिळतात. त्याआधी एक गोष्ट मात्र करायची नाही, ती म्हणजे बाण न लावता दोरी ओढून सोडून बघणं.

रिकामी दोरी सोडली तर काय होतं?

धनुष्य ओढताना त्याच्या दोन्ही भुजांमध्ये ऊर्जा साठते. दोरी सोडली की त्यातली बरीचशी ऊर्जा बाण घेऊन जातो. बाणच नसेल तर ती भुजांमध्ये आणि दोरीतच जिरते. अशा झटक्याने नवं धनुष्यही तुटू शकतं, मग पन्नास वर्षं जुन्या धनुष्याचं काय होईल? तुटलेली भुजा तोंडावर किंवा डोळ्यावर येऊ शकते.

तपासणी कशी करायची?

या काळातली बहुतेक धनुष्यं 'रिकर्व्ह' प्रकारची असतात. म्हणजे त्यांची टोकं नेमबाजापासून दूर, पुढच्या बाजूला वळलेली असतात. भुजांच्या आत लाकडाच्या पट्ट्या आणि दोन्ही बाजूंना फायबरग्लासचा थर, हे सगळं गोंदाने चिकटवलेलं असतं. खरा धोका या जोडात असतो. उन्हात तापलेल्या गाडीत किंवा माळ्यावर वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या धनुष्याचा गोंद सुटू शकतो.

• दोरी काढलेली असताना उजेडात भुजांच्या कडा बघा. थर कुठे सुटलेत का ते बोटाने चाचपा.
• भुजांवरून कापसाचा बोळा फिरवा. धागे अडकले तर तिथे फायबरग्लास उचललेलं किंवा तडकलेलं असू शकतं.
• भुजेच्या लांबीला समांतर असलेल्या बारीक रेषा अनेकदा निरुपद्रवी असतात. भुजेला आडवा गेलेला तडा दिसला तर मात्र ते धनुष्य वापरू नका.
• दोरी अडकवायच्या खाचा आणि टोकं तपासा.
• दोरी चढवल्यावर मागून बघा. ती दोन्ही भुजांच्या मधोमध दिसली पाहिजे. एका बाजूला सरकली असेल तर भुजेला पीळ पडलेला असू शकतो.

धनुष्य पायात अडकवून वाकवलं तर असा पीळ पडू शकतो. त्यामुळे दोरी चढवण्यासाठी मिळणारी खास दोरी, म्हणजे 'स्ट्रिंगर', वापरा.

इथपर्यंत सगळं ठीक असेल तर डोळ्यांना गॉगल लावून धनुष्य थोडं थोडं ओढा आणि प्रत्येक वेळी सावकाश परत आणा. करकर आवाज आला तर तिथेच थांबा.

कोणती दोरी लावायची?

जुनी दोरी सरळ फेकून द्या. नवी घेताना ती डॅक्रॉनची घ्या. डॅक्रॉन थोडं ताणतं आणि झटका सोसतं. 'फास्ट फ्लाइट'सारख्या आधुनिक दोऱ्या जवळजवळ ताणत नाहीत. त्यांचा सगळा झटका टोकांवर येतो आणि जुन्या धनुष्यांची टोकं त्यासाठी बनवलेली नसतात.

धनुष्यावर 'एएमओ ६०' असं लिहिलेलं असेल तर ते ६० इंची आहे. रिकर्व्हला त्यापेक्षा सुमारे ४ इंच लहान दोरी लागते. '४५' पुढे पाउंडाची खूण असेल तर दोरी साधारण २८ इंच ओढल्यावर तेवढा जोर लागतो. बाणही फार हलका नको. अतिहलका बाण सोडणं जवळजवळ रिकामी दोरी सोडण्यासारखंच असतं.

किंमत कशावर ठरते?

'बेअर आर्चरी'चं उदाहरण घेऊ. फ्रेड बेअर यांची ही कंपनी १९४७ मध्ये मिशिगनमधल्या ग्रेलिंगला आली आणि १९७८ मध्ये फ्लोरिडातल्या गेन्सव्हिलला गेली. त्यामुळे धनुष्यावर कोणत्या गावाचं नाव आहे, यावरून काळाचा अंदाज येतो. १९५९ पासून मुठीत कंपनीचं नाणं बसवलेलं दिसतं. आधी ते लाकडाच्या पातळीत असायचं, १९७० च्या दशकात उठावदार झालं.

इथे एक नेहमीची फसगत होते. अनेक धनुष्यांवर '१९५३' छापलेलं असतं आणि विक्रेते तेच निर्मितीचं वर्ष म्हणून सांगतात. प्रत्यक्षात ते कॅनडातल्या पेटंटचं वर्ष आहे.

मॉडेलनुसार भाव बदलतो. 'कोडियाक'सारख्या मॉडेलला संग्राहकांकडून मागणी असते. मूळ पॉलिश, स्पष्ट अक्षरं आणि सरळ भुजा असतील तर किंमत वाढते. मुठीला नंतर पाडलेली भोकं, पीळ आणि हौसेने केलेलं नवं पॉलिश यांमुळे ती घटते. म्हणून विकायचं असेल तर आधी घासून चकचकीत करू नका. भाव बघताना विक्रेत्याने मागितलेली किंमत धरू नका, तशी धनुष्यं प्रत्यक्षात कितीला विकली गेली ते शोधा.

चाकं असलेल्या जुन्या 'कंपाउंड' धनुष्यांना सहसा फारसा भाव मिळत नाही. त्यांच्या केबल कायम ताणलेल्या असतात, त्यामुळे घरी खोलण्याचा प्रयत्न करू नका.

मग करायचं काय?

तपासणीत पास झालेलं धनुष्य आधी एखाद्या जाणकार तिरंदाजाला दाखवा आणि मगच लक्ष्यावर बाण सोडा. भारतात मात्र त्याचा उपयोग फक्त नेमबाजीपुरताच, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने इथे शिकारीवर बंदी आहे. तपासणीत नापास झालेलं धनुष्य दोरी काढून भिंतीवर टांगा. ते विकायचंच असेल तर 'फक्त शोभेसाठी' असं स्पष्ट सांगून विका, कारण घेणारा ते घरी नेऊन पहिल्यांदा ओढूनच बघणार आहे.