रातच्या राखणीले काय घ्यावं? टॉर्च, नाइट व्हिजन की थर्मल : शेतकऱ्यासाठी कामाची माहिती

चांदूर रेल्वे : हरभरा घाट्यावर आला की आपल्या तालुक्यात झोप उडते. दिवसा लाइन नाही म्हणून रात्री ओलित, आणि ओलित नसलं तर रात्री राखण. पोहरा-मालखेडचं जंगल अमरावती आणि चांदूर रेल्वेच्या मधात पसरलेलं आहे. चिरोडी, मालखेड, सावंगा विठोबाकडच्या शेतकऱ्याले रोही आणि रानडुक्कर नवे नाहीत, अन् बिबट्याचे पगमार्कही नवे नाहीत. अशात मोबाईलवर जाहिरात दिसते, 'अंधारात 500 मीटर दिसणारी दुर्बीण, फक्त काही हजारात'. घ्यावी का? घेतली तर कोणती? हेच इथं सांगतो.

आधी कायद्याचं

बाहेरच्या देशात अशा दुर्बिणी बंदुकीवर लावून रात्री कोल्हे-लांडगे मारतात. त्याचे व्हिडिओ पाहून इकडंही कोणाच्या डोक्यात तसं येते. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या कलम 9 प्रमाणे शिकार बंद आहे. बिबट, वाघ, लांडगा हे अनुसूची 1 मध्ये आहेत. त्यांना मारलं तर 3 ते 7 वर्षं कैद आणि वरून दंड. रानडुक्कर आणि रोही पिकाची नासाडी करत असतील तर वनविभागाकडं अर्ज करून परवानगीचा रस्ता आहे, पण लेखी परवानगी हातात नसताना काहीच करता येत नाही. कुंपणात मोटरची लाइन सोडणं तर सरळ गुन्हा आहे, आणि त्यात जनावराआधी माणूसच जातो.

म्हणून ही माहिती पाहण्यासाठी आहे, मारण्यासाठी नाही. वावरात पाय टाकायच्या आधी तिथं कोण उभं आहे हे कळलं पाहिजे, एवढंच काम. 2018 च्या ऑक्टोबरात शेजारच्या धामणगाव रेल्वे तालुक्यात मंगरूळ दस्तगीर आणि अंजनसिंगीत वाघानं दोघांचा जीव घेतला, ते कोणी विसरलं नाही. तो वाघ पुढं चालत मध्य प्रदेशात गेला आणि डिसेंबरात तिकडं पकडला गेला. म्हणजे आपल्या गावाजवळ जंगल नाही म्हणून निर्धास्त राहायची सोय नाही.

1. टॉर्च : पहिला खर्च इथंच करा

साधारण हजार ते अडीच हजारात चार्जिंगची चांगली एलईडी टॉर्च मिळते. घेताना सेल पाहा. या टॉर्चमध्ये बहुतेक 18650 नावाचा गोल सेल असते. त्याची खरी ताकद जास्तीत जास्त 3500 एमएएचच्या आसपास असते. सेलवर 9900 लिहिलं असेल तर ते खोटं समजा. 'लाख लुमेन' लिहिलेलंही तसंच. दूर मारणारी एक टॉर्च हातात आणि डोक्याले बांधायची एक लहान, अशा दोन ठेवल्या तर दांडात पाणी वळवताना दोन्ही हात मोकळे राहतात.

टॉर्चचा उजेड पडला की बिबट, रोही, कुत्रा, मांजर यांचे डोळे चमकतात, कारण त्यांच्या डोळ्यामागं उजेड परतवणारा पडदा असते. रानडुकराच्या डोळ्यात तो पडदा नाही. टॉर्च फिरवली, डोळे चमकले नाहीत, म्हणजे वावर रिकामं, असं धरून तुरीत घुसू नका. तिथं डुक्कर मुकाट उभं असू शकते.

2. साधी दुर्बीण

चांदणी रात्र असेल तर 7×50 ची साधी दुर्बीणही कामी येते. पहिला आकडा किती पट मोठं दिसते तो, दुसरा समोरच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. दुसऱ्याले पहिल्यानं भागा. 50 भागिले 7 म्हणजे साधारण 7. अंधारात माणसाची बाहुलीही जास्तीत जास्त तेवढीच, 7 मिलिमीटरच्या आसपास उघडते, म्हणून उजेड पुरा मिळते. यात्रेत मिळणाऱ्या 10×25 चा हिशोब अडीचच येते. ती दिवसाची. अमावस्येले मात्र दोन्ही बेकार.

3. ट्रॅप कॅमेरा : सगळ्यात फायद्याचा सौदा

वनविभाग झाडाले बांधते तोच. साधारण पाच ते बारा हजारात येते. समोरून गरम अंगाचं काही हललं की आपोआप फोटो काढते. आपण घरी झोपलेले असलो तरी सकाळी कळते की धुऱ्यावरून काय गेलं, किती वाजता गेलं, कोणत्या बाजूनं आलं. आठ-दहा रात्रींचे फोटो पाहिले की जनावराचा रस्ता आणि वेळ ध्यानात येते. मग रात्रभर जागायची गरज नाही, नेमकं त्या वेळेले सावध राहिलं की झालं.

बांधताना गुडघ्याच्या थोडं वर बांधा, समोरचं गवत कापा, तोंड उत्तर किंवा दक्षिणेले ठेवा. पूर्व-पश्चिमेले ठेवलं तर ऊन थेट भिंगावर येते अन् फुकटचे फोटो भरतात. चोरी जाऊ नये म्हणून साखळी-कुलूप लावा.

सिमकार्ड आणि सोलर प्लेटवाला कॅमेराही याच भावात मिळते. तो मोबाईलवर सूचना पाठवते, पण वावरात रेंज असली तरच. अंधारात बऱ्याचदा 10-15 मीटरच्या आतलंच नीट टिपते, म्हणून कोठा, विहीर, मोटरची पेटी यांच्यासाठी तो चांगला. पूर्ण वावरासाठी नाही.

4. डिजिटल नाइट व्हिजन

हे यंत्र स्वतः अंधारात पाहत नाही. आपल्याले न दिसणारा इन्फ्रारेड उजेड टाकते आणि तो परत आलेला पडद्यावर दाखवते. साधारण आठ ते वीस हजारात मिळते.

विचारून घ्यायच्या गोष्टी :

- उजेड 850 नॅनोमीटरचा की 940 चा? 850 दूर जाते, पण यंत्रावर बारीक लाल ठिपका दिसते. 940 चा ठिपका दिसत नाही, पण पल्ला कमी.
- किती मीटरवर जनावर ओळखू येते? डब्यावर 300 मीटर लिहिलेलं असते. तेवढ्यावर काहीतरी आहे एवढंच दिसते. रोही की गाय, हे कळायले स्वस्त यंत्रात शंभर मीटरच्या आतच यावं लागते.
- 'डिजिटल झूम' किती, याले भुलू नका. तो फक्त चित्र ताणते.
- धुकं, पाऊस, उंच गवत असेल तर उजेड तिथूनच परत येते अन् पडदा पांढरा होते.

मी स्वतः फसलो ते याच जागी. ऑनलाइन स्वस्त पाहून एक मागवली. दिवसा भिंगं हिरवी दिसत, रात्री तिच्यातून काहीच दिसे ना. ती साधी रंगीत दुर्बीण निघाली, नाइट व्हिजन नव्हतीच. ओळखायची खूण सोपी आहे : ज्याले सेल किंवा चार्जिंग लागतच नाही, ते नाइट व्हिजन नाही.

5. थर्मल

याले उजेड लागतच नाही. अंगाची उष्णता पाहते. डुकराच्या डोळ्याची चमक नसली तरी अंग दिसते, विरळ झुडपाआड असलं तरी त्याचा ठिपका दिसते. पण किंमत साधारण पन्नास हजारापासून वर. घेतलंच तर 256×192 च्या खालचं घेऊ नका, चित्र फारच ढोबळ येते. काचेतून हे पाहत नाही, म्हणून गाडीची काच खाली करावी लागते.

आपल्या वऱ्हाडात आणखी एक अडचण आहे. उन्हाळ्यात जमीन अन् दगड संध्याकाळी जनावराच्या अंगाएवढेच तापलेले असतात. तेव्हा थर्मलमध्ये सगळं एकसारखं दिसते. मध्यरात्रीनंतर जमीन निवली की फरक कळते. हिवाळ्यात, हरभऱ्याच्या दिवसात, ते सगळ्यात चांगलं चालते.

पण थर्मल म्हणजे जादू नव्हे. 2018 मध्येच यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याच्या टी-1 वाघिणीच्या शोधात ट्रॅप कॅमेऱ्यांसोबत थर्मल ड्रोनही लावले होते, तरी शोध महिनोन् महिने चालला. एकट्यानं एवढा खर्च करू नये. धुऱ्याले धुरा लागलेल्या आठ-दहा जणांनी किंवा शेतकरी गटानं मिळून एक घ्यावं, अन् पाळीपाळीनं वापरावं.

मग क्रम कसा ठेवावा?

दोन-तीन हजार असतील तर दोन टॉर्च. दहा हजार असतील तर टॉर्च आणि ट्रॅप कॅमेरा. त्याच्यावर असतील तर आधी झटका मशीन पाहा, कारण यंत्रानं जनावर दिसते, थांबत नाही. गट असेल तरच थर्मल. पक्कं बिल आणि वॉरंटी प्रत्येक वेळी घ्या.

कॅमेऱ्यात बिबट किंवा वाघ दिसला तर गावाच्या ग्रुपवर टाकून गर्दी जमवू नका. आधी वनरक्षकाले किंवा 1926 या वनविभागाच्या टोल फ्री नंबरवर कळवा. फोटोवर तारीख-वेळ बरोबर सेट असू द्या. नुकसान झालं तर पंचनाम्याच्या वेळी तोच फोटो दाखवता येते. ढोर मारलं असेल तर 48 तासांत कळवा आणि पंचनामा होईपर्यंत जागेवरून हलवू नका. पीक खाल्लं असेल तर तीन दिवसांत अर्ज द्या.

अन् कोणतंही यंत्र हातात असलं तरी रात्री एकटं जाऊ नका. दोघं जा, बोलत जा, वाकून बसू नका, घरी सांगून निघा. खरा इलाज दिवसा लाइन मिळण्याचाच आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना त्यासाठीच आहे. आपल्या फीडरचं काम कुठवर आलं, हे ग्रामसभेत विचारत राहा. दिवसा ओलित झालं तर यातली अर्धी यंत्रं घ्यायचीच गरज पडणार नाही.